लाकूड गेले, गाव राहिले

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलामझू नदीच्या मुखाशी, सिंगापूर नावाचे एक गाव होते. 1836 च्या सुमारास ते वसले आणि आजूबाजूच्या पाइनच्या जंगलावर तिथे लाकूडगिरण्या उभ्या राहिल्या. 1871 साली शिकागो आणि आसपासची गावे आगीत जळाली, ती पुन्हा उभारायला लाकूड हवे होते. सिंगापूरने ते पुरवले आणि त्या भरात उरलेसुरले जंगल संपवले. वारा अडवायला झाड राहिले नाही, तळ्याकाठची वाळू सरकत आली आणि चार-पाच वर्षांत गाव वाळूखाली गेले. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये अशी लाकडावर उठलेली आणि लाकडाबरोबर बसलेली गावे पुष्कळ झाली. जंगलात रूळ टाकायचे, झाडे तोडायची, रूळ उचलून पुढच्या डोंगरात न्यायचे, आणि मागे गुत्ता, चर्च, दुकान असे सगळे जसेच्या तसे सोडून द्यायचे, हा तिथला धंद्याचा रिवाजच होता. जंगल आणि रेल्वे एकत्र आले की शेवटी ओसाड गाव उरते, हे समीकरण तिथूनच जगभर पसरले. ते आपल्याकडे किती लागू पडते, हे तपासायला गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाच्या परिसरासारखी दुसरी जागा नाही. इथे रान आहे, शंभर वर्षांहून जुनी रेल्वे आहे, लाकडाचा व्यापार आहे, आणि ओस पडलेली गावेही आहेत. माझे म्हणणे एवढेच, की यातल्या पहिल्या तीन गोष्टींचा चौथीशी आपण समजतो तसा संबंध नाही. इथली गावे लाकूड संपल्यामुळे उठली नाहीत. जी उठली, त्यांतली बरीचशी कुणाच्या तरी निर्णयाने उठली.

आधी रेल्वेचे पाहू. नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन 1882 पर्यंत राजनांदगावला पोचली. पुढे बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि 1891 मध्ये कोलकात्याच्या दिशेचा मार्ग पुरा झाला. या मुख्य लाइनवरचे गोंदिया हे तोवर साधे स्टेशन होते. 1903 ते 1905 या काळात तिथून उत्तरेला सातपुडा ओलांडून जबलपूरपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज गेली. 1908 मध्ये दक्षिणेला सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरीवरून नागभीडपर्यंत तसलीच दुसरी लाइन आली, आणि 1913 मध्ये ती चांदा फोर्टला टेकली. इटियाडोहला स्टेशन नाही. सर्वांत जवळची रेल्वे अर्जुनीची, दहा-पंधरा किलोमीटरवर. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर चढत नाही, हा यातला साधा पण फार महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा. जंगलपट्ट्यातून आलेला प्रत्येक ओंडका, बांबूची प्रत्येक मोळी, धानाचे प्रत्येक पोते गोंदियाला हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायचे. इंजिनियराच्या दृष्टीने हा खोळंबा होता, पण गोंदियाचे गोदाम, अडत, दलाली आणि हमाली याच खोळंब्यावर उभी राहिली. ज्या गावात माल नुसता पुढे जात नाही, उतरतो, मोजला जातो आणि हात बदलतो, त्या गावाचे पोट एका मालावर अवलंबून राहत नाही.

जंगलाला मात्र रेल्वेने झळ पोचवली, आणि ती लपवण्याचे कारण नाही. एक मैल रुळाला सुमारे 1,800 ते 2,000 स्लीपर लागत, आणि न मुरवलेले लाकूड पावसात-वाळवीत फार वर्षे टिकत नसे. म्हणजे एकदा रूळ टाकून भागत नव्हते, दर काही वर्षांनी तेवढेच लाकूड पुन्हा लागे. मध्य प्रांतातले वनाधिकारी कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी, इथली लाइन येण्याच्याही आधी, 1871 च्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात रेल्वेच्या ठेकेदारांनी साल आणि सागाची कशी नासधूस केली, याची तक्रार नोंदवली आहे. ते काही जंगलतोडीचे शत्रू नव्हते, शिकारीचे भोक्ते आणि साम्राज्याचे नोकर होते. अशा माणसालाही ते बघवले नाही, यावरून काय चालले होते ते कळते. 1860 च्या दशकात मध्य प्रांतात वनखाते उभे राहिले, ते या उधळपट्टीला लगाम घालायला. तो लगाम कुणाच्या तोंडात पडला, हा पुढचा प्रश्न.

मग एवढी तोड होऊनही अर्जुनी, वडसा, सौंदड ही गावे सिंगापूरच्या वाटेने का गेली नाहीत? पहिले कारण रेल्वेच्या कितीतरी आधीचे आहे. मिशिगनमध्ये गाव लाकडासाठी वसले होते. इथे गाव धानासाठी वसले होते, आणि धान तलावावर पिकत होते. कोहळी समाजाने या झाडीपट्टीत गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले. इटियाडोहच्या शेजारचा नवेगावबांध हा कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. आता सगळे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, कारण सरकारी कागदात ते ‘माजी मालगुजारी’ झाले. तलावाखाली बांध्या म्हणजे भातखाचरे, बांध्यांच्या कडेला बोडी म्हणजे लहान तळी, वर टेकडीवर रान, असा हा प्रदेश आहे. रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या मोकळ्या महिन्यांत माणूस रानात जातो, मोहफुले वेचतो, डिंक काढतो, लाकूड वाहतो. जंगलातले मजूर दुसऱ्या मुलखातून आणून छावणीत ठेवलेले नव्हते. ते शेजारच्याच गावचे होते आणि संध्याकाळी घरी जात होते. कूपातले, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या रानाच्या तुकड्यातले, काम संपले तर त्यांचा हंगाम बुडे, घर उठत नसे.

दुसरे कारण मालकीचे. अमेरिकेतली लाकूड कंपनी जंगल विकत घेई, पिळून काढी आणि मोकळी होई, कारण पुढच्या डोंगरात नवे जंगल स्वस्तात मिळत होते. इथे 1878 च्या कायद्यानंतर मोठे जंगल सरकारचे झाले, आणि सरकारला दुसऱ्या डोंगरात जायचे नव्हते. त्याला शंभर वर्षांनीही महसूल हवा होता. म्हणून कार्ययोजना आली, कूप पाडून पाळीपाळीने तोड आली, ओंडक्यावर हातोड्याची खूण आणि वाहतुकीचा परवाना आला. यावर कुणी म्हणेल, की मग हे इंग्रजी वनखात्याचे गुणगानच झाले. ते तसे नाही. पाळीपाळीने तोडल्यामुळे जंगल एका दमात संपले नाही हे खरे, पण त्या जंगलातून सरपण, चराई, बांबू, मोह यांचा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर होता, त्यांचा हक्क सवलत ठरला. त्याला ‘निस्तार’ म्हणत, आणि तो कुंपणाच्या बाहेर उभे राहून मागावा लागे. दुसऱ्या बाजूला मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या खाजगी जंगलांत ही शिस्तही नव्हती. 31 मार्च 1951 ला मध्य प्रदेशात (हा भाग तेव्हा त्या राज्यात होता) मालगुजारी संपली, आणि ती संपणार हे कळल्यावर अनेकांनी हातचे रान आधीच विकून टाकले. ‘तोडा आणि निघा’ ही अमेरिकन वृत्ती इथे उतरली ती याच खाजगी जंगलांत. तरीही जंगल गेले आणि गाव राहिले, कारण गावाखाली तलाव होता.

भारतात शुद्ध लाकडासाठी टाकलेली रेल्वे अगदी नव्हतीच असेही नाही. कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत टाकलेली ट्रामवे 1907 ते 1963 चालली. सागाचे ओंडके डोंगरउतारावरून खाली आणणे एवढाच तिचा उद्देश होता. लाकूड परवडेना, ट्रामवे बंद झाली, आणि तिच्या रुळांचे अवशेष आज जंगलात सापडतात. हाच खरा अमेरिकन नमुना. तो गोंदिया–चांदा लाइनला का लागू पडत नाही, हे वरच्या सगळ्यावरून लक्षात यावे. ही लाइन लाकूड नेत होतीच, पण त्याबरोबर धान, तेंदूपत्ता, बांबू, प्रवासी, लग्नाची वऱ्हाडे असे सगळेच नेत होती. बल्लारपूरला 1945 मध्ये कागद कारखाना आला तेव्हा या पट्ट्यातल्या बांबूला नवे गिऱ्हाईक मिळाले.

यावर एक वाजवी आक्षेप घेता येईल. छोटी लाइन तर आता नाही. 1990 च्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग रुंद झाला. जबलपूरची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागपूर–नागभीडची 2019 मध्ये. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परवाना नसलेल्या आरागिरण्यांना टाळे लागले. मग ही सगळी पडझड नव्हे काय? स्टेशनची पडझड आहे, हमालीची आहे, आरागिरणीवाल्यांची आहे. रुंद लाइनवर गाडी थांबत नाही म्हणून जिथला चहावाला उठला, त्याला ही चर्चा पुस्तकी वाटेल आणि ते चूकही नाही. पण गाव मरण्याचे माप वेगळे असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे याचे सरळ उदाहरण. लाकडाचे आगार म्हणून ज्याचे नाव झाले, ते गाव आज भाताच्या गिरण्यांचे आहे आणि झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की इथल्या नाटक मंडळ्यांची कार्यालये गजबजतात, आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्र-रात्र प्रयोग होतात. त्या तिकिटांचा पैसा धानातून येतो. साग संपला म्हणून ज्या गावातून माणसे निघून जायला हवी होती, तिथे माणसे नाटक ठरवायला येतात. शेजारच्या जिल्ह्यात वडसा–गडचिरोली ही नवी लाइन टाकली जात आहे, म्हणजे रेल्वेलाही हे गाव संपल्यासारखे वाटत नाही.

आता उठलेल्या गावांकडे वळू. विदर्भाच्या महसुली दफ्तरात अनेक गावांच्या नावापुढे कंसात ‘रिठी’ असा शेरा असतो. गावाचा सातबारा आहे, सीमा आहे, नकाशावर क्रमांक आहे, माणूस नाही. जनगणनेत त्यांची लोकसंख्या शून्य येते. भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत अशी गावे आहेत. त्यांतली पुष्कळ 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत आणि 1918 च्या साथीत ओस पडली असावीत. 1891 ते 1901 या दशकात मध्य प्रांताची एकूण लोकसंख्याच घटली होती. म्हणजे निर्णयाने गावे उठली हे माझे म्हणणे सगळ्या रिठी गावांना लावता येणार नाही, हे इथेच मान्य करायला हवे. दुष्काळ आणि महामारी यांचा वाटा मोठा आहे. पण दुष्काळाने उठलेल्या गावाची जमीन बहुतेक वेळा शेजारचे गाव कसत राहते, आणि दोन-चार पिढ्यांनी तिथे पुन्हा टोला वसतो. धरणाने किंवा उद्यानाने उठवलेले गाव पुन्हा वसत नाही, कारण ते वसू नये अशीच व्यवस्था केलेली असते.

गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे मातीचे धरण 1970 मध्ये पुरे झाले. दोन टेकड्यांच्या खिंडीत बांध घातला की मागे प्रचंड पाणी साचते, ही कोहळ्यांची जुनी युक्ती. नवेगावबांधला तीच आहे. इटियाडोहचा बांध सुमारे 30 मीटर उंच आणि अवघा 505 मीटर लांब आहे, पण त्याच्यामागचा जलाशय दूरवर रानात शिरलेला आहे. फरक बुडितात आहे. कोहळ्यांचा तलाव गावासाठी असे, आणि कुणाची बांधी बुडाली तर ज्याने बुडवली तो रोज समोर भेटे. इटियाडोहचे पाणी अर्जुनीपासून वडसा, आरमोरीपर्यंत कालव्याने जाते. ज्याची जमीन बुडाली आणि ज्याच्या बांधीत पाणी आले, ते एकमेकांना ओळखतही नाहीत. शिवाय सालाकडे पाहा. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 चा. इटियाडोह त्याच्या सहा वर्षे आधीचे. तेव्हा बुडितातल्या माणसासाठी 1894 चा भूसंपादन कायदा होता, आणि तो जमिनीची किंमत देई. घर कुठे बांधायचे, रान कुठले वापरायचे, देव कुठे मांडायचा, यांबद्दल तो गप्प होता.

धरणाने धान पिकले, हा प्रतिवाद खोटा नाही. कालव्याच्या शेवटापर्यंत पाणी पोचते तिथे उन्हाळी धान निघतो, आणि वडशाच्या ज्या भाताच्या गिरण्यांचा मी वर कौतुकाने उल्लेख केला, त्यांत या पाण्याचाही वाटा आहे. धरण बांधायलाच नको होते, असे म्हणणारा माणूस तो तांदूळ खाताना जरा अडखळेल. माझा आक्षेप बांधण्याला नाही. फायदा कालव्याबरोबर मोजला जातो, हेक्टरात, हंगामात, दरवर्षी. तोटा एकदाच मोजला जातो, मोबदल्याच्या दिवशी, आणि मग फाइल बंद होते, हे मला खटकते. त्यात पुन्हा एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. 1972 मध्ये याच परिसरात, गोठणगाव–प्रतापगडजवळ, तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत स्थापन झाली. जमीन, घरे, शाळा, दवाखाना, मठ अशी आखीव वसाहत. ती नांदती आहे याचा आनंदच मानावा, त्या लोकांनी हिमालयापलीकडचा आपला मुलूख गमावला होता. पण एक नवे गाव नीट वसवता येते, त्यासाठी लागणारी जमीन आणि बुद्धी सरकारपाशी होती, हेही त्या वसाहतीने सिद्ध केले. मग धरणग्रस्तासाठी ती का वापरली गेली नाही, याला कायदा नव्हता एवढेच उत्तर पुरत नाही.

गावे उठवण्याची दुसरी पाळी आली ती जंगल वाचवण्यासाठी. नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2013 च्या डिसेंबरात नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. उद्यानाच्या पोटातली कवलेवाडा, काळीमाती, झंकारगोंदी ही गावे हलवली गेली. या वेळी कायदा होता, पैसे होते, कागद होते. तरीही जे गाव शंभर वर्षांच्या तोडीत टिकले, ते जंगल राखायच्या दिवसांत उठले, ही गोष्ट साधी नाही. वाघाला मोकळी जागा लागते, हे खरेच. रानात राहणाऱ्याला दवाखाना, रस्ता, शाळा हवी असते आणि काही जण स्वखुशीने बाहेर येतात, हेही खरे. पण ‘लाकूड संपले म्हणून गाव संपले’ या सरधोपट कथेला इथे उलटा पुरावा मिळतो. रान उरले आहे आणि गाव गेले आहे.

आणि रान उरले तर गाव कशावर जगते, हे पाहायचे असेल तर एप्रिल-मेमध्ये तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करायच्या जागी, जावे. पहाटे बायका-पोरे रानातून पाने तोडून आणतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात. संध्याकाळी फळीवर ते मोजून दिले जातात, उन्हात ओळीने मांडले जातात, उलटले जातात, आणि भरायच्या आधी पाण्याचा हलका शिपका देतात, नाहीतर वाळलेले पान गोणीत चुरा होते. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पान झुडपाचे, झाड जागच्या जागी, पुढच्या वर्षी पुन्हा पान. 1969 च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या हाती गेला होता. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2013 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी स्वतः तेंदूपत्ता विकला. ग्रामसभेला हिशेब जमत नाही, ठेकेदार फसवतो, सगळ्याच गावांत हे यशस्वी झालेले नाही, अशा तक्रारी आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण ठेकेदार सरकारी पद्धतीतही फसवतच होता. फरक इतकाच, की आता हिशेब विचारायला मंत्रालयात जावे लागत नाही.

ओस गावाची भीती बाळगायची तर ती लाकडाच्या नावाने बाळगू नये. झाड पुन्हा उगवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या सुरजागड डोंगरातले लोहखनिज उगवत नाही. ज्या गावाची सगळी मजुरी, सगळी दुकानदारी एका खाणीवर चढते आणि ज्याखाली तलाव नसतो, ते गाव मिशिगनच्या सिंगापूरच्या जास्त जवळचे. वडसा–गडचिरोली लाइनवर पुढे काय धावणार आहे, याचा विचार करताना हे लक्षात ठेवलेले बरे.

एक काम मात्र आजच होण्यासारखे आहे. आर. व्ही. रसेल यांनी भंडारा जिल्ह्याचे (गोंदिया तेव्हा त्यातच होते) गॅझेटियर 1908 मध्ये काढले, म्हणजे नागभीडची छोटी लाइन सुरू झाली त्याच वर्षी. ते, जुन्या जनगणनेची गावयादी, बंदोबस्ताचे नकाशे आणि तलाठ्याचे दफ्तर, एवढे साहित्य एकत्र ठेवले तर गोंदिया जिल्ह्यातले प्रत्येक रिठी गाव, प्रत्येक बुडीत गाव आणि उद्यानातून हलवलेले प्रत्येक गाव यांची यादी करता येईल: नाव, उठल्याचे साल, कारण, आणि माणसे कुठे गेली. अर्जुनी किंवा गोंदियाच्या महाविद्यालयांतल्या इतिहास-भूगोलाच्या विद्यार्थ्यांना एका वर्षाचा प्रकल्प पुरेल. जिल्हा प्रशासनाने दफ्तर उघडून द्यावे आणि महाविद्यालयांनी ते मागावे. ज्यांचे आजोळ पाण्याखाली आहे ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.